पडद्यावरचा गुन्हा आणि प्रेक्षकाचे न्यायासन

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गुन्हेगारीच्या चित्रपटांवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील, हे आम्ही जाणून आहोत. संतवाङ्मय, नाट्यसंगीत, गणेशोत्सव असे शुचिर्भूत विषय सोडून चोर, खुनी आणि पोलीस यांच्या कथांकडे वळावे, हे प्रथमदर्शनी विजोड वाटते. परंतु आम्हांपैकी प्रत्येकाने असे चित्रपट पाहिले आहेत, आणि घरी परतताना वाटेत वादही घातले आहेत. ‘त्याने केले ते बरोबर की चूक?’ हा तो वाद. कीर्तनाच्या उत्तररंगानंतर जो प्रश्न मनात रेंगाळावा, तोच येथे चित्रपटगृहाच्या दारातून आमच्याबरोबर बाहेर पडतो. त्या प्रश्नाचा थोडासा इतिहास मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांनी यांतील बरेचसे चित्रपट हिंदीतून पाहिले. त्यांमागे मराठी कथा, मराठी लेखणी आणि मराठी अनुभव किती आहे, याची आठवण आम्हांला सदैव राहिली असे नाही. ती आठवणही या निमित्ताने व्हावी.

प्रारंभ १९३९ पासून करू. त्या वर्षी पुण्याच्या ‘प्रभात’ने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘माणूस’ हा चित्रपट काढला. हिंदीत त्याचे नाव ‘आदमी’ असे होते. गणपत हा साधा पोलीस शिपाई. एका धाडीच्या वेळी मैना नावाच्या वेश्येला तो पकडत नाही, वाचवतो. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांनी या भूमिका केल्या. आता पाहा, चित्रपटाची सारी गुंतागुंत या पहिल्याच कृतीत आहे. शिपायाने कर्तव्यात कसूर केली, पण माणुसकी राखली. पुढे तो तिला आपल्या आईसमोर नेतो, संसाराचे स्वप्न पाहतो. परंतु मैनेचे पूर्वायुष्य तिचा पिच्छा सोडत नाही. शेवटी तिच्या हातून तिच्या दुष्ट मामाचा खून होतो. गणपत तिला कोठडीतून सोडवू पाहतो, आणि येथे मैना नकार देते. आपल्या सुटकेसाठी त्याने आपल्या कर्तव्याला बट्टा लावावा, हे तिला मान्य होत नाही.

या शेवटाकडे आम्ही नीट लक्ष दिले पाहिजे. जिला समाजाने पतित ठरविले, ती कायद्याचा मान राखते. आणि ज्याच्या अंगावर कायद्याचा गणवेश आहे, तो तो मोडावयास निघतो. नीती ही गणवेशात राहत नाही, हे शांतारामांनी त्या काळी शांतपणे सांगून टाकले. त्या दिवसांत ‘देवदास’ची छाया सर्व चित्रसृष्टीवर पडली होती. प्रेमभंगाने माणसाने झिजून मरावे, या कल्पनेला ‘माणूस’ हे उत्तर होते. गणपत मरत नाही. तो पुन्हा आपल्या कामावर उभा राहतो.

चारच वर्षांनी, १९४३ मध्ये, बॉम्बे टॉकीजचा ‘किस्मत’ आला. ज्ञान मुखर्जी दिग्दर्शक आणि अशोककुमार नायक. हा नायक चक्क खिसेकापू! कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात हा चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला. ‘फिल्मइंडिया’चे संपादक बाबूराव पटेल यांनी मात्र, हा चित्रपट गुन्हेगारीचे उदात्तीकरण करतो, अशी टीका केली. बाबूरावांची लेखणी तिखट होती, आणि पुष्कळदा अन्यायकारकही होती. परंतु त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न पुढील सर्व दशकांत कायम राहिला. पडद्यावरच्या चोराविषयी प्रेक्षकाला माया वाटली, तर ती चोरीविषयीची माया होते काय?

आमच्या मते याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण ते एका अटीवर. चोराच्या पोटातील भूक दाखविताना ज्याचा खिसा कापला गेला त्याचेही तोंड दाखविले पाहिजे. ही अट ज्या चित्रपटांनी पाळली ते टिकले. ज्यांनी पाळली नाही त्यांची फक्त गाणी उरली.

आता थोडे आडवळणाने जाऊ. साताऱ्याच्या परिसरात औंध नावाचे एक छोटे संस्थान होते. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने, आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली. त्याच सुमारास आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ या नावाने खुल्या तुरुंगाचा प्रयोग सुरू झाला. मॉरिस फ्रीडमन हे मूळचे पोलंडचे अभियंते, ज्यांना ‘भारतानंद’ असेही म्हणत, या प्रयोगामागे होते. शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीआड न कोंडता शेतावर ठेवावयाचे, कुटुंबासह राहू द्यावयाचे आणि त्यांच्यावर विश्वास टाकावयाचा, अशी ती कल्पना.

ग. दि. माडगूळकर हे याच आटपाडी भागातले. आपल्या मुलखातल्या या प्रयोगावरून त्यांनी कथा रचली आणि शांतारामांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ पडद्यावर आणला. खुनाची शिक्षा भोगणारे सहा कैदी आणि त्यांना ओसाड माळावर घेऊन जाणारा जेलर आदिनाथ, एवढीच पात्रांची मांडणी. बारा हात खुनी आहेत. त्यांच्यावर पहारा आहे तो फक्त दोन डोळ्यांचा. कैदी पळून जाण्याचा विचार करतात, आणि ते डोळे त्यांना परत आणतात. पुढे ते पिकवलेली भाजी रास्त भावात विकू लागतात, तेव्हा बाजारातील दलाल त्यांना मारहाण करवतात, आणि एके काळी रक्ताने माखलेले हे हात प्रतिकारासाठी वर उठत नाहीत. शेवटी त्यांच्या शेतावर बैल सोडले जातात, आणि ते शेत वाचविताना आदिनाथ प्राण देतो. बैलाशी झुंजीच्या चित्रणात शांतारामांच्या स्वतःच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती, ही गोष्ट अनेकांस ठाऊक असेल. बर्लिनच्या महोत्सवात १९५८ साली या चित्रपटाचा रौप्य अस्वलाने गौरव झाला.

या चित्रपटाला ‘गुन्ह्याचा चित्रपट’ म्हणावे काय, असे कोणी विचारील. आम्ही म्हणतो, अवश्य म्हणावे. रहस्यपटात ‘खून कोणी केला’ हा प्रश्न असतो. येथे ते पहिल्याच क्षणी ठाऊक असते. ‘खून करणाऱ्याचे पुढे काय करावयाचे’ हा त्याहून अवघड प्रश्न येथे आहे. आणि जेलरची अडचणही खरी आहे. सहांपैकी एकाने जरी बाहेर जाऊन पुन्हा जीव घेतला असता, तर त्या रक्ताचा वाटेकरी कोण? विश्वास टाकणारा माणूस स्वतःच्या जिवावर जुगार खेळत नसतो, दुसऱ्यांच्याही जिवावर खेळत असतो. स्वतंत्रपुरात हा धोका माणसांनी खरोखर पत्करला होता, म्हणून त्या कथेला वजन आहे.

१९६० साली बी. आर. चोप्रा यांचा ‘कानून’ आला. हिंदी चित्रपट, आणि त्यात एकही गाणे नाही! त्या काळी हे धाडसच होते. आरंभीच एक विलक्षण खटला आहे. एका माणसाने ज्याच्या खुनाबद्दल पूर्वीच दीर्घ शिक्षा भोगली, तो मनुष्य जिवंतच होता. आता बाहेर आल्यावर त्याने त्याला खरोखर मारले आहे. एकाच गुन्ह्याची शिक्षा दोनदा कशी देणार, असा त्याचा न्यायाधीशाला सवाल आहे. ज्या तरुण आयुष्याची वर्षे चुकीने गेली, ती परत करण्याची तरतूद कोणत्या कलमात आहे?

पुढचा पेच याहून कठीण आहे. सरकारी वकील कैलाश याला असे दिसते की, खून प्रत्यक्ष न्यायमूर्तींनीच केला. हेच न्यायमूर्ती त्याचे भावी सासरे आहेत. आणि पकडला गेला आहे एक भुकेला भुरटा चोर. कैलाश पद सोडतो आणि त्या चोराचे वकीलपत्र घेतो. खटला चालतो तो त्याच न्यायमूर्तींच्या समोर. अखेरीस रहस्य उलगडते ते दोन माणसांच्या विलक्षण साम्यातून, आणि न्यायमूर्ती निर्दोष ठरतात. काही टीकाकारांना हा शेवट पळवाटेसारखा वाटला. आम्हांला तसे वाटत नाही. डोळ्यांनी पाहिलेलेही खोटे ठरू शकते, मग साक्षीवर विसंबून फाशी कशी द्यावी, हाच तर चित्रपटाचा मुद्दा होता. त्या चोराची भूमिका नाना पळशीकर या आपल्या मराठी नटाने केली होती आणि त्यांना तिच्याबद्दल फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. न्यायालयाच्या भव्य दालनात त्यांचा तो केविलवाणा, खंगलेला चेहरा ज्यांनी पाहिला, त्यांना फाशीविषयी निष्काळजीपणे बोलणे पुढे जड गेले असेल.

मराठी रहस्यपटाचे नाव घ्यावयाचे तर राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’चे (१९६४) घ्यावे लागते. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो आधारलेला होता, आणि काशीनाथ घाणेकर व भावना यांनी त्यात कामे केली. दोन वर्षांनी राज खोसला यांनी याच कथेवरून ‘मेरा साया’ काढला, तो आम्हांपैकी बहुतेकांनी पाहिला. ज्या पत्नीच्या निधनाचा शोक वकील करीत आहे, तिच्यासारखीच हुबेहूब दिसणारी एक स्त्री दरोड्याच्या आरोपावरून पकडली जाते आणि म्हणते, ‘मीच तुमची पत्नी.’ आता त्या वकिलाने काय करावे? तिच्यावर विश्वास ठेवावा, तर ज्या पत्नीला त्याने स्वतः अग्नी दिला तिच्या स्मृतीचा अपमान. न ठेवावा, तर कदाचित जिवंत पत्नीलाच तुरुंगात ढकलण्याचे पाप. उलटतपासणीचे प्रत्येक वाक्य त्याच्याच काळजावर उलटते. रहस्याची गंमत वाटता वाटता संसारातील विश्वासाचा हा प्रश्न प्रेक्षकाच्या नकळत त्याच्या मनात उतरतो.

यानंतर १९७३ मधला गुलझार यांचा ‘अचानक’ आठवतो. सेनादलातील अधिकाऱ्याने खून केले आहेत, त्याला फाशीची शिक्षा झाली आहे. पळून जाताना तो गोळी लागून जबर जखमी होतो. रुग्णालयातील डॉक्टर आणि परिचारिका रात्रीचा दिवस करून त्याला वाचवितात. कशासाठी? तो बरा झाल्यावर कायद्याने त्याला फासावर चढवावे म्हणून. डॉक्टरांचा धर्म त्यांनी पाळला, कायद्याने आपला धर्म पाळला, आणि दोन्ही धर्म पाळल्यावर उरली ती एक भयाण पोकळी. या चित्रपटात खलपुरुष शोधून सापडत नाही. म्हणूनच तो इतका अस्वस्थ करतो.

१९७५ हे साल आमच्या विषयात विशेष महत्त्वाचे. त्या वर्षी एका बाजूला सलीम-जावेद यांच्या लेखणीतून आणि यश चोप्रा यांच्या दिग्दर्शनातून ‘दीवार’ आला. दोन भाऊ, एक चोरट्या व्यापाराच्या टोळीत, दुसरा पोलिसात. हा संघर्ष सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला मात्र त्यातला एक छोटा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. पोलीस असलेला धाकटा भाऊ पळणाऱ्या चोरावर गोळी झाडतो. जवळ जाऊन पाहतो, तो कोवळा पोरगा, आणि त्याने चोरलेली वस्तू म्हणजे पाव. तो त्या मुलाच्या घरी जातो. मुलाचा बाप गरीब, निवृत्त शिक्षक. सगळे कळल्यावर तो बाप म्हणतो ते असे, की चोरी ही चोरीच, मग ती एका पैशाची असो की लाखाची. ज्याच्या घरात अन्न नाही त्याने हे म्हणावे आणि ज्याच्या घरी सोन्याची रास आहे त्या थोरल्या भावाने आपल्या दुःखाची सबब सांगावी, या दोन गोष्टी धाकट्याच्या मनात समोरासमोर येतात, आणि मग तो भावाविरुद्धचा तपास हाती घेतो. टाळ्या थोरल्याच्या संवादांना पडल्या. पण चित्रपटाचा न्याय त्या मास्तरांच्या ओटीवर झाला होता.

त्याच सुमारास मराठीत आणखी एक मास्तर उभा राहिला. जब्बार पटेल यांचा पहिला चित्रपट ‘सामना’ १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेला. लेखन विजय तेंडुलकरांचे, निर्मिती रामदास फुटाणे यांची. साखर कारखान्याच्या परिसराचा अनभिषिक्त राजा हिंदूराव धोंडे पाटील (निळू फुले) आणि दारूने खचलेला एक जुना देशसेवक मास्तर (डॉ. श्रीराम लागू). मारुती कांबळे नावाचा माजी सैनिक नाहीसा झाला आहे. त्याचे काय झाले, हा एकच प्रश्न मास्तर विचारत राहतो. परंतु तो राहतो कोठे? हिंदूरावाच्याच आश्रयाला. त्याच्याच घरचे अन्न खायचे आणि त्यालाच हा प्रश्न विचारायचा, हा मास्तराचा पेच. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याविरुद्ध बोलू नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकविले जाते. ‘सामना’ विचारतो की, त्या मिठात कोणाचे रक्त मिसळले असेल तर? नोकरीनिमित्त मोठमोठ्या कचेऱ्यांतून आणि कारखान्यांतून वावरणाऱ्या आम्हां मंडळींना हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.

आणि मग १९८३ साली ‘अर्धसत्य’ आला. मूळ कथा श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’; पटकथा तेंडुलकरांची; नावामागे दिलीप चित्रे यांची कविता; दिग्दर्शक गोविंद निहलानी. फौजदार अनंत वेलणकर (ओम पुरी) याला वास्तविक पुढे शिकावयाचे होते. पण हवालदार असलेल्या बापाने त्याला बळेच पोलिसात घातले. बाप आईला मारी, आणि मुलगा मुकाट पाही. ती लहानपणची मूठ आवळलेलीच राहिली. रामा शेट्टी (सदाशिव अमरापूरकर) या गुंडाला पकडावयास वेलणकर जातो. एका दूरध्वनीवर त्याला हात हलवीत परत यावे लागते. अपमान गिळून तो दारूला लागतो. एके रात्री लहानसा रेडिओ चोरल्याच्या संशयावरून पकडलेल्या एका भुरट्या चोराला तो कोठडीत इतके मारतो की तो मरतो. आता स्वतःला वाचविण्यासाठी त्याला रामा शेट्टीच्याच दारी जावे लागते. तेथे शेट्टी त्याला आपला चाकर होण्यास सांगतो, आणि वेलणकर त्याचा गळा आवळतो. मग स्वतः ठाण्यावर जाऊन गुन्हा कबूल करतो.

या चित्रपटाविषयी बोलणे निघाले की गोष्ट चटकन शेवटाकडे जाते. शेट्टी मरतो तेव्हा मनाला एक समाधान वाटते. ते नाकारण्यात अर्थ नाही, आम्हांलाही ते वाटले. परंतु कोठडीतल्या त्या चोराचे काय? त्याचे नाव कितीजणांना सांगता येईल? शेट्टीच्या मरणाने त्याच्या मरणाची भरपाई होते काय? वेलणकराचा राग सत्तेवर होता. तो निघाला मात्र ज्याच्यामागे कोणीच नव्हते अशा माणसावर. ‘अर्धसत्य’ हे नाव आम्ही आमच्यापुरते असे समजतो: वेलणकरावर अन्याय झाला हे अर्धे सत्य, त्याने अन्याय केला हे उरलेले अर्धे. प्रेक्षक पहिले अर्धे घेऊन घरी जातो आणि दुसरे खुर्चीखाली विसरतो.

पुढच्या काळातही ही परंपरा खंडित झाली नाही. निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) मध्ये माधव आपटे हा बँकेतला सरळमार्गी माणूस एके दिवशी भ्रष्ट व्यवस्थेविरुद्ध हातात बॅट घेतो. त्याचे म्हणणे पटते. त्याची बॅट पटत नाही. आणि या दोहोंच्या मध्ये आम्ही अडकतो. त्याच कामतांनी २०१५ साली ‘दृश्यम’ हिंदीत आणला. जीतू जोसेफ यांच्या २०१३ मधील मलयाळम् चित्रपटाची ही हिंदी आवृत्ती गोव्यात घडते. मुलीच्या हातून, अब्रू वाचविताना, एका तरुणाचा जीव जातो आणि बाप विजय साळगावकर सारे कुटुंब वाचविण्यासाठी असत्याची भिंत उभारतो. समोर पोलीस अधिकारी मीरा देशमुख. ती त्या मृत मुलाची आई. एक बाप मुलीला वाचवितो आहे, एक आई मुलाचे निदान काय झाले एवढे विचारते आहे. आणि त्या मुलाचे शव अखेर सापडते ते प्रेक्षकाला. नव्या पोलीस ठाण्याच्या फरशीखाली! कायद्याच्या पायाखालीच सत्य पुरलेले आहे, आणि त्यावर आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकतो.

पाऊणशे वर्षांचा हा प्रवास पाहिला की एक गोष्ट ध्यानात येते. ‘माणूस’मध्ये मैना शिक्षा स्वीकारते, ‘दो आँखें’मध्ये कैदी शेतावर परत येतात, वेलणकर स्वतः ठाण्यावर जातो, ‘दृश्यम’चा नायक मात्र कबुली न देता घरी परततो, आणि आम्हांला ते हवेसे वाटते. यात चित्रपट बिघडले असे म्हणणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. चित्रपटाने न्यायासन हळूहळू पडद्यावरून उचलले आणि प्रेक्षागृहात आणून ठेवले. पूर्वी पडद्यावरचा न्यायाधीश निकाल सांगे; आता तो आम्ही द्यावयाचा आहे, आणि तो देताना आमचा कल कोठे झुकतो हे आमचे आम्हांलाच दिसते.

म्हणून नव्या पिढीने असे चित्रपट पाहू नयेत, असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी ते पाहावेत, आणि शक्य तर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून पाहावेत. मात्र चित्रपट संपल्यावर एक प्रश्न अवश्य विचारावा: या कथेत ज्याच्यासाठी कोणी टाळी वाजविली नाही, तो कोण होता? ‘किस्मत’मध्ये ज्याचा खिसा कापला गेला तो, ‘दीवार’मधला पाव चोरणारा पोरगा, ‘सामना’मधला मारुती कांबळे, ‘अर्धसत्य’च्या कोठडीतला तो चोर. त्याची आठवण ज्या घरात निघेल, त्या घरातला न्याय शाबूत आहे, असे समजावयास हरकत नाही.